दाण्यांत निघालेलं नाव

शाळेच्या फाटकाबाहेर प्रार्थना करायची आणि मग आत जायचं, असा आमच्या चर्चच्या तरुण संघाचा रिवाज होता. आत प्रार्थना चालायची नाही. मुख्याध्यापक फोनवरच विचारून घ्यायचे, "तुम्ही चर्चवाले ना? मग देवाचं नाव, देवाची गाणी, पुस्तकं वाटणं, यातलं काही नको हां." मी म्हणायचे, "नाही सर, फक्त नाटक." शाळांना फोन करायचं काम माझ्याकडे होतं. संघात सगळ्यांत भांडकुदळ मी, आणि भांडकुदळ माणसाला फोनवर गोड बोलणं बरोबर जमतं, असं आमच्या पाळकसाहेबांचं मत.

त्यामुळे शनिवार आला की कुठल्या तरी शाळेबाहेर, एका टेम्पोच्या आडोशाला, आम्ही पाच-सहा जण डोळे मिटून उभे असायचो. टेम्पो आमच्यातल्याच एकाचा. आठवडाभर तो वाड्यांतून चिकू भरून बाजारात न्यायचा आणि शनिवारी आम्हाला न्यायचा. मागच्या फळ्यांवर चिकूचा चीक वाळून काळा झालेला असायचा. तिथे बसलं की कपडे गेलेच. मी जुना पंजाबी ड्रेस घालून जायचे आणि फाटकापाशी पोचल्यावर त्यावरच नाटकातली साडी गुंडाळायचे. प्रार्थना चालू असताना निऱ्या सुटल्या की सोबतच्या मुली खुदखुदायच्या आणि पाळकसाहेब डोळे न उघडता "आमेन" जरा मोठ्याने म्हणायचे.

नाटक भुताळीवर होतं. भुताळी म्हणजे नजरेने, मंत्राने दुसऱ्याचं वाईट करणारी बाई, असं आमच्या भागात बरेच जण अजून मानतात. पोर आजारी पडलं, म्हैस आटली, कोंबड्या पटापट मेल्या, की भगताकडे जायचं. भगत सुपात तांदळाचे दाणे टाकतो, काहीतरी पुटपुटत ते न्याहाळतो आणि दाण्यांत नाव निघतं. सगळेच भगत हे करतात असं नाही. झाडपाल्याचं चांगलं औषध देणारे, लग्नकार्यात मान असलेले भगतही मी पाहिलेत. पण नाव निघतं तेव्हा ते बहुतेक विधवेचं, एकटीचं, जिच्या मागे भांडायला कोणी नाही तिचं निघतं. एखाद्या धडधाकट पुरुषाचं नाव दाण्यांत निघालेलं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणतात ना, चोर सोडून संन्याशाला फाशी, तसलाच प्रकार.

मी हे शहाणपण बाहेरून शिकून आलेली नाही. आमचं मूळ घर तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरात. येशूला मानून आमची तिसरी पिढी, तरी लहानपणी गावातल्या एका घरावरून जाताना आई मला पदराखाली घ्यायची. पुढे आम्ही डहाणूला आलो, मी औषधांच्या दुकानात नोकरीला लागले, तापाच्या गोळ्या कागदी पाकिटात घालून देऊ लागले, तरी ते घर आठवलं की अंगावर काटा यायचा. भीती अशी पटकन जात नाही.

नाटक बसवलं ते एका म्हातारीमुळे. रविवारी ती चर्चमध्ये भक्तीला यायची, मागच्या बाकावर बसायची आणि भक्ती संपली तरी उठायची नाही. तिच्या पाड्यात लागोपाठ लेकरं दगावली होती आणि नाव तिचं निघालं होतं. लोकांनी तिचं घर मोडलं. ती लेकीकडे डहाणूत येऊन राहिली, लेकीच्या शेजारणीबरोबर चर्चला येऊ लागली. तिने हे एकदाच सांगितलं, तेही बाहेर चपला शोधताना. आम्हाला वाटलं, काहीतरी केलं पाहिजे. तरुण संघाला तसं अधूनमधून वाटत असतं. त्याआधीच्या वर्षी आम्हाला किनाऱ्यावरचं प्लास्टिक वेचावंसं वाटलं होतं. पण या वेळी आम्ही मनापासून पेटलो होतो, हे खरं.

आमचा दिग्दर्शक एका शाळेत संगणक शिकवायचा. मुंबईला पथनाट्याच्या शिबिराला जाऊन आल्यापासून 'सहभाग' हा शब्द त्याच्या तोंडी असा बसला होता, की चहात साखर कमी पडली तरी तो म्हणेल, साखरेचा सहभाग कमी आहे. नाटकात गावकरी आम्हीच, डॉक्टर आमच्यातली एक नर्स, आजारी पोराची आई मी. पण भुताळी ठरवली जाणारी बाई त्या त्या शाळेतल्याच मुलीने करायची, ही त्याची कल्पना. आणि भगताने दाण्यांत पाहून त्या मुलीचं खरं नाव घ्यायचं. "मग पोरांना कळेल, हे आपल्यातल्या कोणाच्याही वाट्याला येऊ शकतं," तो म्हणाला. आम्हाला ते भारी वाटलं.

भगत आमचा टेम्पोवाला करायचा. त्याचा सख्खा मामा भगत. लहानपणी मामाच्या ओटीवर बसून त्याने सगळं पाहिलेलं होतं: सूप कसं धरायचं, दाणे कसे टाकायचे, बोटाने कसे सारायचे, डोळे कधी मिटायचे, श्वास कधी रोखायचा. सूप घरचं, तांदूळ घरचे, पुटपुटणंही मामाचंच. आम्ही तालमीत म्हणायचो, काय खरं वाटतं रे! खरंच होतं ते, म्हणून खरं वाटायचं. एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही.

किनाऱ्याकडच्या शाळांत नाटक मजेत चाललं. बोर्डीला जिचं नाव निघालं ती हसून हसून मातीतच बसली. नरपडच्या मुलीने संपल्यावर विचारलं, "अजून एकदा करू का?" गुरुजींनी चहा दिला, नारळपाणी दिलं, एका ठिकाणी तर परत जाताना पिशवीभर पांढरे जांभ दिले. आम्ही खूश. मग आम्ही ठरवलं, आता डोंगराकडे जायचं. खरी गरज तिकडे आहे, असं आम्ही म्हणायचो. गरज होतीच. पण किनाऱ्यावर जे गंमत म्हणून खपलं, ते तिकडे कसं घेतलं जाईल, हा विचार करायला कोणाला सवड झाली नाही.

कासाच्या पुढे, जीपा जिथे अर्ध्या रिकाम्या होतात त्या बाजूला, एक आश्रमशाळा आहे. पहिलीपासून दहावीपर्यंत, मुलं-मुली तिथेच राहणारी. मुख्याध्यापकांनी भुताळीच्या कामाला नववीतल्या एका मुलीला हाक मारली. उंच, खड्या आवाजाची मुलगी; रोज परिपाठाला प्रतिज्ञा सांगणारी. तीही झटकन उठून आली. दिग्दर्शकाने तिला पाच मिनिटांत काम समजावलं. तिने फक्त मध्ये उभं राहायचं होतं आणि नाव घेतलं की "मी नाही, मी काही केलं नाही" म्हणायचं होतं.

टेम्पोवाला सूप घेऊन बसला तेव्हा पटांगण गप्प झालं. बोर्डीला या जागी हशा पिकायचा. इथे पुढच्या रांगेतली लहानगी एकमेकांना चिकटून बसली. त्याने दाणे टाकले, सारले, मामासारखा लांब श्वास घेतला आणि तिचं नाव घेतलं. मुलगी तिचं वाक्य बोलली, अगदी स्पष्ट, प्रतिज्ञा म्हणावी तशी. पुढे आमची नर्स डॉक्टर होऊन आली, तिने मलेरिया सांगितला, पोलीस आला, कायदा सांगितला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परतताना दिग्दर्शक म्हणाला, "किती सायलेन्स होता! इम्पॅक्ट झाला." मीसुद्धा मान डोलावली.

इम्पॅक्ट झालाच होता. काही दिवसांनी आश्रमशाळेच्या अधीक्षिका मॅडमचा मला दुकानात फोन आला. थंडी पडली होती, वसतिगृहात दोन-तीन मुलींना ताप येऊन गेला. दरवर्षी येतो तसाच. पण या वर्षी मुलींकडे त्याचं कारण तयार होतं. त्या मुलीशेजारी कोणी झोपेना. तिने टाकीतून पाणी काढलं की पुढचीने आपली कळशी मागे घ्यावी, तिने पंगतीत भात वाढायला घेतला की ताट हाताने झाकावं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. मॅडमनी मुलींना रागावून पाहिलं, तर त्या म्हणाल्या, आम्ही कुठे काय म्हणतो. शेवटी एका सकाळी ती मुलगी पिशवी घेऊन घरी निघून गेली. मॅडम म्हणाल्या, "मी जाऊन आले. येत नाही म्हणते. तुमच्या नाटकाने झालंय, आता तुम्हीच या."

मी काउंटरवरून तसाच दिग्दर्शकाला फोन लावला आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. समोर गिऱ्हाईक खोकल्याचं औषध घेऊन उभं होतं, ते पैसे न देताच जाऊ लागलं. माझा राग नाकावर असतो हे डहाणूत सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या दिवशी मला रडूही येत होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी म्हण आहे. देव दुसऱ्यांचे असले तरी म्हण आमच्यासाठीच केली होती.

आम्ही तिघं गेलो. दिग्दर्शक, टेम्पोवाला आणि मी. शाळेच्या पुढच्या फाट्यापर्यंत टेम्पो, तिथून पाड्यापर्यंत चालत. भात कापून शेतं मोकळी झाली होती, खाचरांत गुरं फिरत होती. मुलीचं घर कुडाचं, अंगण शेणाने स्वच्छ सारवलेलं. बाप कामाला गेला होता. आई अंगणात वाल सोलत बसली होती. तिने खाट पुढे ओढली, पाणी दिलं आणि परत वाल सोलायला लागली. मुलगी दाराच्या आत, अर्धी दिसेल अशी उभी होती.

दिग्दर्शकाने माफी मागितली. तो चांगलं बोलतो. त्याने समजावून सांगितलं, की ते नाटक होतं, नाव मुद्दाम घेतलं होतं, त्यात खरं काही नव्हतं. आई ऐकून घेत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुमी चर्चचे ना? शाळेत देवाचा नाव घेतला का?"

"नाही," मी म्हटलं. "सरांनी नको सांगितलं होतं. आम्ही बाहेरच प्रार्थना केली."

"तुमचा देव बाहेर ठेवला. मंग आमचा भगत कशाला आत नेला?"

फोनवर पन्नास मुख्याध्यापकांना पुरून उरणारी मी, वालाच्या शेंगांकडे बघत बसले.

टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, भगत खोटाच होता. मी केला होता. मी टेम्पो चालवतो."

"तू खोटा," ती म्हणाली. "दाणे तं खरे होते ना?"

ती चिडलेली नव्हती. तिला खरोखरच विचारायचं होतं. तिच्या पोरीचं नाव सगळ्या शाळेसमोर सुपात निघालं होतं, आणि सूप कोणाचं, बोलणारा कोण, याने त्यात काय फरक पडतो, हे तिला आमच्याकडून समजून घ्यायचं होतं. टेम्पोवाल्याने खाली पाहिलं.

"पुढच्या वर्षी तिची दहावी आहे," मी म्हटलं.

"दहावी काय करायची? पोरी तिच्यासंग जेवत नाय. मामी सांगते, वाडीवर काम हाय चिकूचा. जाईल तिच्यासोबत." मग हळू आवाजात, "तिकडं कोणाला ठावं नाय."

म्हणजे आठवड्याभरात ती बोर्डीकडच्या एखाद्या वाडीत चिकू तोडायला जाणार, आणि एकदा गेली की गेली. आमच्याकडच्या किती मुली अशा नववीतून वाडीवर आणि वाडीवरून सासरी गेल्या, हे मला चांगलं माहीत आहे. माझ्या वर्गातल्याच चार जणी. त्यांतली कोणी नाटक बघून गेली नव्हती, एवढाच फरक.

निघताना मुलगी आम्हाला पायवाटेपर्यंत सोडायला आली. घरात एक शब्द बोलली नव्हती, बाहेर आल्यावर बोलली.

"तुमी परत येणार शाळेत?"

"येणार ना," दिग्दर्शक म्हणाला. "सगळ्यांना बसवून नीट समजावून सांगू. कायदा सांगू. चार्ट आणू."

"सांगू नका. सांगला तं अजून बोलतील." ती चालता चालता थांबली. "नाटकच करा. मना भगत करा."

"आणि बोलशील काय?" मी विचारलं.

"ते मी बघीन. तुमी नका विचारू."

दिग्दर्शक काही म्हणायच्या आधी टेम्पोवालाच म्हणाला, "बाईमाणसाने सूप घेऊन बसायचं नसतं. भगत पुरुषच असतो." असं म्हणताना त्याचा चेहरा एवढा गंभीर होता, की मला राहवलं नाही. "तुझा बाप्तिस्मा झाला, पण तुझ्यातला मामा कोरडाच राहिला वाटतं," मी म्हटलं. मुलगी हसली. त्या दिवशी पहिल्यांदा. टेम्पोवाला मात्र कासा येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

रविवारी भक्तीनंतर आम्ही पाळकसाहेबांपुढे सगळं मांडलं. मंडळीतल्या एक-दोन मावश्यांचं म्हणणं पडलं की भुताखेतांच्या वाटेला जायलाच नको होतं, आता तरी सोडा. दिग्दर्शकाला चार्टच सुरक्षित वाटत होते. पाळकसाहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पहिल्या वेळी काय होणार हे आपण ठरवलं, तिने ऐकलं. आता तिने ठरवलंय. ऐका." मागच्या बाकावरची म्हातारी नेहमीप्रमाणे बसून होती. त्या दिवशी आमची बैठक संपेपर्यंत तीही उठली नाही.

मुलीच्या आईला विचारायला मी एकटीच परत गेले. तिला ते आवडलं नाही. पोरीने मात्र आधीच तिच्यामागे लकडा लावला असावा, कारण शेवटी ती म्हणाली, "सूप न्या. दाणे न्यायाचे नाय. दाणे एकदा बोलले तेवढे बास." मी कबूल केलं. मुख्याध्यापकांना फोनवर पटवायला मला नेहमीच्या दुप्पट गोड व्हावं लागलं. ते म्हणाले, "पुन्हा तेच? पालक माझ्या अंगावर येतील." मी म्हटलं, "सर, या वेळी आम्ही काही बोलणार नाही. तुमचीच मुलगी बोलणार आहे. आणि ती बोलली नाही तर ती परत येणार नाही." शेवटचं वाक्य मी गोड न होता म्हटलं. तेच उपयोगी पडलं असावं.

शनिवारी ती गणवेश घालून, दोन्ही वेण्या घट्ट बांधून पाड्याच्या फाट्यावर उभी होती. हातात शाळेची पिशवी नव्हती. आई सोबत होती, पण ती टेम्पोत चढली नाही. फाटकाबाहेर आम्ही नेहमीसारखे प्रार्थनेला उभे राहिलो. मुलगी जरा बाजूला उभी राहून आमच्याकडे बघत होती. त्या दिवशी मी शब्द न शोधता एवढंच म्हटलं, की हिला सांभाळ.

ती पटांगणात शिरली तेव्हा कुजबुज झाली आणि मग विरली. दुपारची जेवणं झाली होती, उन्हात अंग शेकत मुलं रांगांनी बसलेली. मुख्याध्यापक आणि मॅडम बाजूला खुर्च्यांवर. मी आजारी पोराची आई, तशीच साडी गुंडाळलेली. मी मध्ये जाऊन माझं वाक्य बोलले, "भगत, माझं पोर तापाने फणफणलंय. कोणी केलं, नाव सांग."

ती सूप घेऊन बसली. रिकामं सूप. पुढच्या रांगेतल्या पोरांना आतलं दिसत होतं. त्यात काही नाही हे त्यांना सरळ कळत होतं. तरी ती पोरं मागे सरकली. मुलीने सुपात एकटक पाहिलं, बोट फिरवलं. मग सूप हातात धरून उठली आणि रांगांमधून चालू लागली.

हे आमच्या नाटकात नव्हतं. ती एकेका रांगेपाशी थांबायची, सुपात बघायची, समोरच्या तोंडाकडे बघायची आणि पुढे जायची. जिच्यासमोर थांबेल ती मान खाली घालायची. धिप्पाड दहावीतली मुलंसुद्धा. एकाने हसायचा प्रयत्न केला, ते हसू अर्ध्यातच राहिलं. कोंबडी पाखाखाली पिल्लं घेते तशी एका मोठ्या मुलीने आपल्या लहान बहिणीला जवळ ओढलं. माझं पुढचं वाक्य होतं, पण मला ते आठवेना, आणि कोणी आठवण करून दिली नाही.

नववीच्या रांगेत ती थांबली ती एका मुलीसमोर. ही तिची जवळची मैत्रीण, पहिलीपासूनची, हे मला मॅडमनी आधी सांगितलं होतं. सगळ्यांत आधी शेजारून अंथरूण उचललं ते हिनेच. मैत्रिणीने डोळे घट्ट मिटून घेतले. मुलीने सूप तिच्या डोक्यावर धरलं आणि सगळ्या पटांगणाकडे वळून त्याच खड्या आवाजात विचारलं,

"हिचा नाव घेऊ?"

मागे स्वयंपाकघरात भांडी घासायचा आवाजही थांबला होता.

"सांगा ना. घेऊ का हिचा नाव?"

पुढच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "नको." दुसरीतली असेल फार तर, नाक वाहत होतं, पायात चप्पल नव्हती. "नको," ती परत म्हणाली आणि रडायला लागली. मग तिच्या शेजारची म्हणाली. मग मागून कोणी, मग मुलांच्या बाजूने कोणी, आणि बघता बघता सगळं पटांगण नको, नको म्हणू लागलं. मैत्रीण दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके देत होती.

मुलीने सूप खाली ठेवलं.

"मंग माझा नाव घेतला तवा कोणीच नको का नाय बोलला?"

एवढंच म्हणून ती नववीच्या रांगेत जाऊन बसली, मैत्रिणीशेजारी. मैत्रिणीने तिचा हात धरला की तिने मैत्रिणीचा, ते मला दिसलं नाही. माझे डोळे भरले होते. डॉक्टर आला नाही, पोलीस आला नाही. नाटकाच्या शेवटचं गाणंही आम्ही म्हटलं नाही. मुख्याध्यापक खुर्चीतून उठले, बोलण्यासाठी त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा बसले. ते माझे आवडते मुख्याध्यापक झाले ते तिथे.

ती त्या दिवशी आमच्याबरोबर टेम्पोत परत आली नाही. मॅडम म्हणाल्या, संध्याकाळी पंगतीत भात तिनेच वाढला. काही ताटं अजून झाकली गेली, पण थोडीच. पिशवी दुसऱ्या दिवशी आई घेऊन आली. आता ती दहावीत आहे. दाण्यांना अजून कोणी खोटं म्हणत नाही, तिची आईसुद्धा नाही, आणि मला तिच्याशी वाद घालावासा वाटत नाही.

परतीच्या वाटेवर टेम्पोत मी मनातल्या मनात आमचं नाटक पहिल्यापासून चाळत होते. त्यात भगत होता, आजारी पोर होतं, त्याची आई होती. काठ्या घेऊन धावणारे गावकरी होते, डॉक्टर होता, उशिरा येणारा पोलीस होता. कायद्याचं कलमसुद्धा होतं. गर्दीतून उठून "नको" म्हणणारं एकही माणूस आम्ही त्यात लिहिलं नव्हतं.